दिवसभराची सहल आणि सव्वादोन मिनिटांचा सूर्यास्त : जमैकाच्या नेग्रिलला जाणारे पर्यटक नेमके कशाचे पैसे मोजतात?

मोबाईलवर रील्स बघता बघता हे दृश्य कधी ना कधी समोर आलेलं असतंच. चुनखडीचा उंच कडा, खाली निळंशार पाणी, कड्यावर माणसांची दाटी, कुठेतरी रेगे संगीत आणि मागे नारिंगी सूर्य. तेवढ्यात एक जण कड्यावरून खाली झेप घेतो आणि सगळे टाळ्या वाजवतात.

हे दृश्य कॅरिबियन समुद्रातलं असेल, तर ते जमैकातल्या नेग्रिल या गावचं असण्याची शक्यता दाट आहे.

जमैका म्हटलं की मराठी माणसाला आठवतात उसेन बोल्ट, ख्रिस गेल आणि किंग्स्टनचं सबाइना पार्क. याच मैदानावर १९७१ मध्ये दिलीप सरदेसाईंनी २१२ धावांची खेळी केली होती. पण किंग्स्टन बेटाच्या आग्नेय भागात आहे आणि नेग्रिल थेट पश्चिम टोकाला. तिथे बहुतेक पर्यटक एका दिवसाच्या सहलीने जातात. सकाळी किंवा दुपारी गाडी न्यायला येते, मग किनारा, जेवण, कड्यावरचा सूर्यास्त आणि रात्री परत.

ऐकायला हे साधं वाटतं. पण ही सहल कशी आखलेली असते, त्यातला पैसा कुणाच्या खिशात जातो आणि ज्या वाळूवर पाय ठेवायचा ती वाळू किती दिवस टिकणार आहे, हे समजून घेतलं तर तीच रील वेगळी दिसू लागते.

सहलीचं वेळापत्रक शेवटाकडून लिहिलं जातं

जमैकात येणारे बरेच पर्यटक उत्तर किनाऱ्यावरच्या मोंटेगो बे शहराच्या विमानतळावर उतरतात आणि त्याच परिसरातल्या हॉटेलात राहतात. तिथून नेग्रिल साधारण ८० किलोमीटर आहे. रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो आणि साधारण दीड तास लागतो. वाहतूक भारतासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते.

वाटेत लूसी नावाचं छोटं बंदराचं गाव लागतं. तिथल्या जुन्या घड्याळाच्या मनोऱ्याची गोष्ट गाइड हमखास सांगतो. हे घड्याळ मुळात सेंट लुशिया बेटासाठी बनवलं होतं, पण नावातल्या साधर्म्यामुळे चुकून इथे उतरवलं गेलं. गावकऱ्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी परत द्यायला नकार दिला! गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची आहे आणि अजून रंगवून सांगितली जाते.

या सहलीत सगळं पुढेमागे करता येतं, फक्त सूर्य थांबत नाही. म्हणून दिवसाचं गणित उलट्या बाजूने मांडलं जातं. नेग्रिलला जून महिन्यात सूर्य संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास मावळतो, तर नोव्हेंबरच्या अखेरीस साडेपाचच्या आसपासच. म्हणजे सव्वा तासाचा फरक. कड्यावर बरी जागा मिळवायची तर तासभर आधी पोहोचावं लागतं. त्याआधी किनाऱ्यावर दोन-तीन तास, जेवण आणि दीड तासाचा प्रवास.

त्यामुळे एकच सहल डिसेंबरात सकाळी लवकर निघते, तर जूनमध्ये दुपारी निघाली तरी चालते. बुकिंग करताना 'गाडी किती वाजता येईल' एवढंच विचारून भागत नाही. 'त्या दिवशी सूर्यास्त किती वाजता आहे आणि आपण कड्यावर किती वाजता पोहोचू' हे विचारायचं.

क्रूझ जहाजाने येणाऱ्यांची तर इथेच पंचाईत होते. अनेक जहाजं प्रवाशांना संध्याकाळच्या आधीच परत बोलावतात. अशा प्रवाशाला नेग्रिलचा किनारा मिळतो, पण सूर्यास्त बहुधा जहाजाच्या डेकवरूनच बघावा लागतो. सूर्यास्ताची सहल ही खरं तर बेटावर मुक्काम करणाऱ्यांची सहल आहे.

मुरूड-जंजिऱ्याचाच सूर्य, पण पाहणारे वेगळे

आता एक गंमत. नकाशावर नेग्रिलचा अक्षांश बघितला तर तो १८ अंश उत्तरच्या थोडा वर आहे. आपल्या रायगड जिल्ह्यातलं मुरूड-जंजिराही जवळपास त्याच अक्षांशावर आहे. दोन्ही गावं पश्चिमेच्या समुद्राकडे तोंड करून बसलेली. म्हणजे वर्षभर सूर्य ज्या तिरक्या रेषेत जंजिऱ्यामागे बुडतो, साधारण त्याच रेषेत तो नेग्रिललाही बुडतो.

मग तिथे एवढी गर्दी का? कारण तिथले बहुतेक पाहुणे अमेरिका, कॅनडा आणि युरोपातून येतात. त्यांच्या देशात सूर्य तिरका, रेंगाळत मावळतो आणि संधिप्रकाश बराच वेळ टिकतो. उष्ण कटिबंधात मात्र सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो.

सूर्याचं बिंब आकाशात साधारण अर्धा अंश रुंद दिसतं. मार्च किंवा सप्टेंबरमध्ये नेग्रिलला खालची कड पाण्याला टेकल्यापासून वरची कड बुडेपर्यंत साधारण सव्वादोन मिनिटं लागतात. त्याच दिवसांत लंडनला याच गोष्टीला जवळपास साडेतीन मिनिटं लागतात. मोबाईलचा कॅमेरा शोधेपर्यंत खेळ खलास!

यात आणखी एक जादू दडलेली आहे. वातावरणातून येताना प्रकाश वाकतो आणि क्षितिजाजवळ हे वाकणं सूर्याच्या बिंबाच्या रुंदीएवढं असतं. त्यामुळे बिंबाची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते, तेव्हा जवळपास सगळा सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेला असतो. सगळे ज्याचा फोटो काढत असतात, तो सूर्य 'होता' म्हणावा असा असतो.

कड्यावर उभं राहण्याचाही छोटासा फायदा आहे. उंचीवरून क्षितिज थोडं खाली आणि दूर दिसतं. दहा-अकरा मीटर उंच कड्यावर उभ्या असलेल्या माणसाला वाळूवर उभ्या असलेल्यापेक्षा सूर्य साधारण पंधरा सेकंद जास्त दिसतो. हवा स्वच्छ आणि क्षितिज स्पष्ट असेल, तर शेवटच्या क्षणी वरच्या कडेला हिरवी छटा चमकून जाऊ शकते. वातावरण सूर्यप्रकाशातले रंग थोडे थोडे वेगळे करतं, त्याचा हा परिणाम. मात्र ती दिसेल याची हमी कुठलाच गाइड देऊ शकत नाही आणि सूर्य पूर्ण खाली येण्याआधी त्याच्याकडे टक लावून बघणं डोळ्यांसाठी धोक्याचंच.

तो प्रसिद्ध कडा आणि ती उडी

नेग्रिलचे दोन अगदी वेगळे भाग आहेत. उत्तरेला पांढऱ्या वाळूची लांबलचक पुळण, जिला 'सेव्हन माइल बीच' म्हणतात. नावात सात मैल असले तरी प्रत्यक्ष लांबी त्याहून बरीच कमी आहे. दक्षिणेला 'वेस्ट एंड' हा कड्यांचा भाग. तिथे वाळू नाही, चुनखडीचा खडक थेट खोल पाण्यात उतरतो. १८९४ साली बांधलेलं दीपगृहही याच बाजूला आहे.

याच कड्यावर १९७४ मध्ये 'रिक्स कॅफे' सुरू झाला. त्या काळी नेग्रिल म्हणजे मासेमारी करणारं छोटं गाव होतं. पाश्चात्त्य देशांतले हिप्पी तरुण स्वस्त आणि निवांत जागा शोधत तिथे येऊ लागले होते. पुढे कॅफे जगभर गाजला. १९८८ च्या गिल्बर्ट आणि २००४ च्या इव्हान या चक्रीवादळांनी त्याचं मोठं नुकसान केलं. दोन्ही वेळा तो पुन्हा उभा राहिला.

इथून मारल्या जाणाऱ्या उडीची उंची साधारण ३५ फूट आहे. आकडा छोटा वाटतो, पण हिशेब करून बघा. तेवढ्या उंचीवरून पडणारा माणूस दीड सेकंदात पाण्याला भिडतो आणि त्या वेळी त्याचा वेग तासाला ५० किलोमीटरच्या वर असतो. या वेगाला पाणी मऊ राहत नाही. पाय आधी, शरीर ताठ, हात अंगाला चिकटलेले, अशी उडी बसली तर ठीक. पाठीवर किंवा पोटावर आपटलं तर गंभीर दुखापत होऊ शकते.

रीलमध्ये झाडावरून किंवा त्याहून उंच मनोऱ्यावरून सूर मारणारे दिसतात, ते वर्षानुवर्षं सराव केलेले स्थानिक तरुण असतात. त्यांच्या उडीनंतर टोपी किंवा डबा घेऊन कुणीतरी फिरतो. तो खेळ त्यांची रोजीरोटी आहे. फुकट व्हिडिओ काढून निघून जाणं म्हणजे डोंबाऱ्याचा खेळ बघून पैसे न टाकता सटकण्यासारखंच. ज्यांना उडी मारायची आहे त्यांच्यासाठी कमी उंचीच्या जागाही आहेत. आधी मद्य आणि मग उडी, हा क्रम मात्र जिवावर बेतू शकतो.

गाइड नेमकं काय देतो?

रस्ता तर मोबाईलही दाखवतो. मग गाइड कशाला?

पहिली गोष्ट म्हणजे परतीचा प्रवास. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात अंधार पडतो आणि त्या वेळी शेकडो माणसं एकाच अरुंद रस्त्याने बाहेर पडत असतात. अशा वेळी ओळखीचा ड्रायव्हर थांबलेला असणं हीच मोठी सोय. जमैकात परवानाधारक टॅक्सी आणि पर्यटक गाड्यांना लाल रंगाची नंबरप्लेट असते. लाल प्लेट नसलेल्या गाडीत बसू नये, हा तिथला साधा नियम.

दुसरी गोष्ट म्हणजे पैशांचा घोळ. जमैकातही चलनाला 'डॉलर'च म्हणतात, पण एका अमेरिकी डॉलरला दीडशेहून जास्त जमैकन डॉलर मिळतात. फलकावर नुसतं 'डॉलर' लिहिलेलं असेल तर कोणता, हे विचारूनच ऑर्डर द्यावी.

तिसरी गोष्ट म्हणजे गोष्टी! सतराशेवीस साली 'कॅलिको जॅक' या नावाने कुप्रसिद्ध असलेला समुद्री चाचा जॉन रॅकहॅम नेग्रिलजवळच पकडला गेला. त्याच्या टोळीत ॲन बॉनी आणि मेरी रीड या दोन बायका होत्या. रॅकहॅमला फाशी झाली. त्या दोघी गरोदर असल्याचं सांगितल्याने त्यांची फाशी लांबणीवर पडली. हा इतिहास गाइडच्या तोंडून त्याच खाडीकडे बघत ऐकण्यात वेगळी मजा आहे.

आणि चौथी गोष्ट ताटातली. नेग्रिल ज्या वेस्टमोरलँड परगण्यात आहे, तिथे भारतीय वंशाच्या लोकांची जुनी वस्ती आहे. १० मे १८४५ रोजी भारतातल्या करारबद्ध मजुरांचं पहिलं जहाज जमैकात पोहोचलं. १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार भारतीय उसाच्या मळ्यांत राबायला नेले गेले. त्यातले बहुतेक उत्तर भारतातले होते. त्यांनी नेलेला मसाला आज 'करी गोट' म्हणजे बोकडाच्या रश्शाच्या रूपात जमैकाच्या प्रत्येक समारंभात असतो. जर्क चिकनच्या धुरात तो रस्सा दिसला, तर आपल्या माणसाने ताट पुढे करायला हरकत नाही.

गांजा हा शब्दही तिथे भारतातूनच गेला. किनाऱ्यावर तो विकायला येणारे भेटतात, पण 'इथे सगळं चालतं' हा समज चुकीचा आहे. २०१५ च्या कायदा-दुरुस्तीनंतर दोन औंसांपर्यंत गांजा बाळगणं हा किरकोळ दंडाचा गुन्हा झाला आहे, राजरोस मोकळीक मिळालेली नाही. विमानात किंवा जहाजावर तो नेणं तर थेट तुरुंगाची वाट.

पैसा कुंपणाच्या आत की बाहेर?

जमैकातली अनेक मोठी हॉटेलं 'सगळं आत' या पद्धतीने चालतात. खाणं, पिणं, पोहणं, गाणं-बजावणं, सगळ्याचे पैसे आधीच घेतलेले. पाहुणा विमानतळावरून थेट फाटकाच्या आत जातो आणि आठवड्याने बाहेर पडतो. गावातल्या खानावळवालीला, फळविक्याला, टॅक्सीवाल्याला तो दिसतही नाही.

दिवसभराची सहल म्हणजे तो पाहुणा फाटकाबाहेर पडण्याची एक संधी. पण इथेही मेख आहे. काही सहली एका बंद जागेतून दुसऱ्या बंद जागेत नेतात. गाडी कंपनीची, जेवण ठरलेल्या हॉटेलात, खरेदी ठरलेल्या दुकानात. म्हणून बुकिंगआधी चार प्रश्न विचारावेत. किनाऱ्यावरची खुर्ची आणि प्रवेश यात धरले आहेत का? जेवण कुठे आहे? कड्यावरच्या कॅफेचं प्रवेशशुल्क वेगळं आहे का? आणि वाटेत टपरीवर थांबता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर ती सहल बरी समजावी. ड्रायव्हर आणि गाइडला दहा-पंधरा टक्के टिप द्यायची तिथे पद्धत आहे. ती आधीच पैशांत धरली आहे का, हेही विचारून घ्यावं.

ही वाळू कुणाची?

कोकणात पुळणीवर फिरायला कुणी तिकीट मागत नाही. जमैकात मात्र प्रश्न इतका सोपा नाही. ब्रिटिश काळात, १९५६ साली झालेल्या किनारा नियंत्रण कायद्याने भरती-ओहोटीच्या पट्ट्यावरचा हक्क सरकारकडे गेला आणि किनाऱ्याच्या व्यावसायिक वापरासाठी परवाने सुरू झाले. सामान्य नागरिकाला किनाऱ्यावर जाण्याचा सरसकट हक्क या कायद्याने दिला नाही. मच्छीमारांचे जुने हक्क तेवढे राखले.

परिणाम काय? बेटावर अनेक ठिकाणी हॉटेलाच्या भिंतीमागे किनारा आहे आणि तिथेच जन्मलेल्या माणसाला आत जाता येत नाही. याविरोधात जमैकात गेली काही वर्षं आंदोलनं आणि कोर्टकचेऱ्या सुरू आहेत. नेग्रिलच्या पुळणीवर अजून बरंचसं चालत जाता येतं, म्हणून ती पर्यटकांइतकीच स्थानिकांसाठीही महत्त्वाची आहे.

दुसरा प्रश्न याहून मूलभूत आहे. ती वाळूच कमी होते आहे.

नेग्रिलची पांढरी वाळू डोंगरातून नदीने आणलेली नाही. शंख-शिंपले, प्रवाळ आणि चुना साठवणाऱ्या समुद्री वनस्पती यांचे बारीक तुकडे होऊन ती तयार होते. म्हणजे समुद्रातलं गवत आणि प्रवाळ हा तिचा कारखाना आहे. शिवाय प्रवाळाचे खडक लाटांचा जोर बाहेरच मोडतात. किनाऱ्यामागे 'ग्रेट मोरास' नावाची विस्तीर्ण पाणथळ जागा आहे, जी जमिनीवरून येणारं घाण पाणी गाळते. पाणथळ कोरडी केली, सांडपाणी समुद्रात सोडलं, पोहणाऱ्यांना पायाला लागतं म्हणून समुद्री गवत उपटलं, की कारखानाही बंद आणि भिंतही ढासळली.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने २०१० मध्ये नेग्रिलचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार गेली सुमारे चाळीस वर्षं हा किनारा वर्षाला सरासरी अर्धा ते एक मीटर मागे सरकत होता. चाळीस वर्षांत वीस ते चाळीस मीटर! म्हणजे आजीआजोबांनी जिथे चादर अंथरली होती, तिथे आज पाणी.

पुढे समुद्रात दगडी बांध घालून लाटा अडवायची सरकारी योजना आली. स्थानिक हॉटेलवाल्यांनी आणि रहिवाशांनी तिला विरोध केला. बाहेरून वाळू आणून किनारा भरावा, अशी त्यांची मागणी होती. बांध झालेच नाहीत आणि वाळूचा प्रश्न तसाच राहिला.

त्यात वादळांची भर. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी 'मेलिसा' हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ तासाला जवळपास ३०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह याच वेस्टमोरलँड परगण्यात धडकलं. पश्चिम जमैकाची अपरिमित हानी झाली. त्यामुळे आता तिथली सहल ठरवताना कुठला रस्ता, कुठलं हॉटेल, कुठला किनारा सुरू आहे, याची ताजी चौकशी आधी करणं गरजेचं आहे. आणि जे सुरू आहे तिथे जाऊन पैसे खर्च करणं ही त्या गावांना खरी मदतही आहे.

मग जाताना काय लक्षात ठेवायचं?

पायाखालचं समुद्री गवत बघून नाक मुरडू नये, वाळू तिथूनच येते. प्रवाळावर उभं राहू नये. शक्यतो अंगभर सुती कपडा किंवा टोपी वापरावी, म्हणजे पाण्यात मिसळणारं क्रीम कमी लागतं. एक जेवण फाटकाबाहेरच्या माणसाच्या हातचं खावं. आणि कड्यावर उडी मारणाऱ्याच्या डब्यात काहीतरी टाकावं.

सूर्यास्त तर फुकटच असतो, नेग्रिलला काय आणि मुरूडला काय. दिवसभराच्या सहलीत जे पैसे मोजले जातात, ते तिथवर पोहोचवणाऱ्या ड्रायव्हरचे, रस्सा रांधणाऱ्या बाईचे आणि सूर मारणाऱ्या पोराचे असतात. ते त्यांच्यापर्यंत पोहोचले, तर सहल वसूल झाली.

सूर्य उद्याही त्याच वेळेला तिथे मावळेल. वर्षाला अर्धा-एक मीटर मागे हटणाऱ्या वाळूबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही.